तळाला नांगर

चार डिसेंबरला नोमान दोह्याहून घरी पोचला. बॅगा ओटीवर ठेवल्या आणि पहिलं विचारलं, "अब्बा कुठे?"

त्याची आई आमना आत भाकऱ्या थापत होती. हात पिठात होते. तिने वर पाहिलं नाही.

"तळ्यात."

"तळ्यावर?"

"तळ्यात. जा, बघून ये. मी सांगून तुला पटायचं नाय."

खांब गावापाशी हायवे सोडला की भातशेतांमधून आत तीन किलोमीटरवर त्यांचं गाव, आणि गावाच्या पाठीमागे उंबरतळं. या काठाला मुसलमान आणि कुणब्यांची घरं, पलीकडच्या काठाला कातकऱ्यांची वाडी. नोमान बांधावर चढला आणि तिथेच थांबला. तळ्याच्या मधोमध ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब तरंगत होती. ट्यूबवर एक आडवी फळी बांधलेली, आणि त्या फळीवर एकाहत्तर वर्षांचे नूरमहंमद, लुंगी गुडघ्यांवर खोचून, जाळं ओढत बसलेले.

त्याने हाक मारली. त्यांनी एक हात वर केला.

"आलास? दुपारी बोलू. जाळं जड लागतंय."

जाळ्यात सायप्रनस होते. जाड अंगाचे, पितळी रंगाचे, ओठांच्या कडेला छोट्या मिशा असलेले मासे. सहा निघाले. नूरमहंमदांनी ते काठाला आणून गोणत्यात टाकले आणि परत ट्यूबवर बसायला निघाले, तेव्हा नोमानने त्यांचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

हे मासे तळ्यात आणले होते नूरमहंमदांनीच. अकरा वर्षांपूर्वी कुवेतची ड्रायव्हरी संपवून ते गावी परतले, पंचायतीत निवडून आले, आणि गावासाठी काहीतरी दिसण्यासारखं करायचं त्यांच्या मनाने घेतलं. टेम्पो करून त्यांनी सायप्रनसचं बीज आणलं. प्लास्टिकच्या पिशव्यांत बोटभर लांबीचे पाच हजार मासे. बांधावर नारळ फोडला, पेढे वाटले. पहिली तीन-चार वर्षं गाव त्यांना दुवा देत होतं, कारण कोणीही गळ टाकावा आणि दोन किलोचा मासा घेऊन घरी जावं.

मग पाण्याचा रंग बदलायला लागला. सायप्रनस तळाशी चरतो. तोंडाने गाळ उकरतो, त्यातलं हवं ते गिळतो, उरलेलं चूळ टाकल्यासारखं बाहेर टाकतो, आणि हे दिवसभर चालू असतं. पाणी चहासारखं झालं. कमळांची मुळं उपटली गेली. झिंगे गेले, शिंगटी गेली, मरळ दिसेनाशी झाली. वाडीतल्या बायका संध्याकाळी हातजाळी घेऊन काठाकाठाने फिरायच्या आणि कालवणापुरतं घेऊन जायच्या, त्यांच्या जाळीत आता नुसता गाळ यायचा. मोठा सायप्रनस खोल पाण्यात राहतो, हातजाळीत येत नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाडीतली पारी उठली. ती पन्नाशीची बाई, वाडीतल्याच वाळू नावाच्या माणसाची बायको. काही न बोलता तिने तळ्याच्या पाण्याने भरलेली बाटली नूरमहंमदांच्या समोर टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. त्यांनी ती बाटली घरी आणली आणि खिडकीत ठेवली. तीन आठवडे झाले तरी गाळ बसेना. चौथ्या आठवड्यात त्यांनी ट्यूब विकत आणली.

"मी घातलेत, मी काढणार," जेवताना ते नोमानला म्हणाले.

"अब्बा, ते काय पाच हजारच राहिलेत का आता?"

"तेही माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय. काढणार."

रात्री भांडी आवरताना आमनाने त्याला बाजूला घेतलं. "मागच्या महिन्यात ट्यूब फुटली. वाळूने ओढून काढलं त्यांना. मी शपथ घातली, मौलवींकडून सांगवलं, काही नाय. तू त्यांना म्हण, मी जातो पाण्यात, तुम्ही बांधावर बसा. तुझं ऐकतील."

त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून नूरमहंमद बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि नोमान ट्यूबवर. नोमानला वाटलं होतं, आठ दिवसांत म्हाताऱ्याचं डोकं शांत होईल.

त्याची रजा पंचेचाळीस दिवसांची होती. दोह्यात तो मोठमोठ्या इमारतींचे एसी दुरुस्त करायचा. बायको फिजा आणि सात वर्षांची मुलगी पेणला रामवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या, मुलीच्या शाळेसाठी. ठरवलं होतं असं की रजा तिथे काढायची. प्रत्यक्षात तो शनिवारी दुपारी एसटीने पेणला जायचा आणि रविवारी संध्याकाळी परत. कारण सोमवारी तो नसला तर अब्बा फळीवर बसलेच असते. एकदा तो मंगळवारपर्यंत राहिला, तर आमनाचा फोन आला. "बसले बघ." तेवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

"तुझ्या अंगाला वास येतो," फिजा म्हणाली. "दोनदा आंघोळ केलीस तरी येतो."

"माहीत आहे."

"तू सुट्टीवर आमच्यासाठी आलायस की माशांसाठी?"

खरं उत्तर तिला आवडलं नसतं आणि खोटं तिने ओळखलं असतं.

जानेवारीत त्याने रजा वाढवून घेतली. फेब्रुवारीत परत. सुपरवायझर चांगला माणूस होता. त्याने फोनवर समजावून सांगितलं: बिनपगारी रजा मी देतो, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलास तर व्हिसा आपोआप जाईल, मग माझ्या हातात काही नाही. म्हणजे तीन जूनच्या आत विमानतळावर उतरलं पाहिजे. नोमानने ती तारीख कोणालाच सांगितली नाही. स्वतःपुरती मात्र रोज सकाळी ट्यूबवर चढताना तो ती म्हणायचा.

वाळू रोज यायचा. अबोल माणूस. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाग असा फेकायचा की जाळं हवेत गोल उघडायचं आणि एकदम पाण्यावर बसायचं. पारी गळाचं आमिष करायची, कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून. नोमानशी ती बोलायची, हसायचीसुद्धा. पण बांधावरच्या खुर्चीकडे तिने कधी तोंड केलं नाही. नूरमहंमदही तिला कधी "काय गो पारी" म्हणाले नाहीत, आणि ते तर गावात दिसेल त्या बाईची चौकशी करणारे माणूस. नोमानला ते चमत्कारिक वाटायचं. विचारायचं मात्र राहून गेलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी पारीने त्याला काठाच्या गवताकडे नेलं. उथळ पाण्यात खळबळ चालली होती. मोठमोठे सायप्रनस पाठी बाहेर काढून गवतात घुसत होते, एकमेकांवर आपटत होते. पारीने गवताची एक काडी उपटून त्याच्या तळहातावर ठेवली. काडीला साबुदाण्यापेक्षा बारीक, पारदर्शक दाणे चिकटलेले होते. शेकड्यांनी.

"ही अंडी?"

"एका काडीवरची," पारी म्हणाली. तिने हात फिरवून सगळा काठ दाखवला. "आपून तीन महिन्यांत काय काढलं, ते ही चार दिवसांत परत घालतील."

नोमान बांधाच्या उतारावर बसला. ती काडी त्याच्या हातात तशीच होती. समोर तळं, मागे घर, आणि उजव्या हाताला खुर्चीत अब्बा, डोळ्यांवर हात धरून तो काय बघतोय ते बघणारे. त्याला वाटलं, उठावं, घरी जाऊन बॅग भरावी, हायवेला उभं राहावं. पाच मिनिटांचं काम. तो उठला आणि गवत उपटायला लागला. पारी आणि तो, दोघं दुपारपर्यंत गवत उपटून बांधावर उन्हात पसरत होते.

"असं नाय संपायचं," पारी म्हणाली. "पाणी काढलं तरच जाईल."

पाणी काढायला पंचायतीची परवानगी लागणार होती. नूरमहंमद स्वतः सभेत उभे राहिले आणि मागून घेतली. मे महिन्यात, गुरांना ओढ्यावर नेऊन, दहा दिवस. बांधातल्या मोरीचा, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेचा, दरवाजा गंजलेला होता. तो उघडायला रोह्याहून वेल्डर आणावा लागला. मोरीच्या तोंडाला त्यांनी बारीक जाळी दुहेरी बांधली, एकही सायप्रनस ओढ्यातून नदीला जाऊ नये म्हणून. नूरमहंमद त्या जाळीपाशी सलग तीन दिवस बसून होते. घोटभर चहा प्यायलासुद्धा हलले नाहीत.

पाणी गुडघ्याएवढं राहिलं तेव्हा सगळं तळं माशांच्या पाठींनी हलायला लागलं. गाव उतरलं, वाडी उतरली. हातांनी, टोपल्यांनी, साड्यांनी मासे धरले. दहा-दहा किलोचे निघाले. बायका पाट्या भरून रोह्याच्या बाजाराला गेल्या. कोणीतरी गडब गावाजवळ हायवेच्या कडेला ताडपत्री टाकून बसलं. जे खपले नाहीत ते शेतात पुरले. आणि गाळाखालून एक वाम निघाली, तळ्यातली मूळची, सापासारखी मासळी, हातभर लांब. पारीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि ओरडली, "हाय! अजून हाय!" बायका धावत तिच्याकडे गेल्या. ती वाम त्यांनी पाण्याच्या पिंपात ठेवली, पाऊस होऊन तळं भरलं की परत सोडायला.

नोमानने त्या संध्याकाळी विमानाचं तिकीट काढलं. तीस मेचं. अब्बांना सांगितलं.

"ठीक," ते म्हणाले. "तोवर होऊन जाईल."

अठ्ठावीस तारखेला सकाळी वाळू आणि बाकीचे पुरुष शेवटचे मासे टेम्पोत भरून रोह्याला गेले. तळ्याच्या मध्यावर, पूर्वी विटांच्या मातीसाठी खणलेल्या खड्ड्यात, डबकं तेवढं उरलं होतं. बाकीचा तळ वरून वाळला होता, तडकला होता. नोमान जाळी धुऊन परत आला तर खुर्ची रिकामी. त्याने तळ्यात पाहिलं. अब्बा काठी टेकत डबक्याकडे चालले होते.

"अब्बा! थांबा!"

त्यांनी वळून पाहिलं, आणि वळताना उजवा पाय पापुद्र्यातून आत गेला. वरचा थर भाकरीएवढा जाड होता, त्याखाली नुसतं लोणी. ते पाय उपसायला गेले, तो दुसरा गेला. नोमान धावला. धावू नये हे त्याला कळत होतं तरी धावला. अब्बांपासून चार हातांवर त्याच्या पायाखालचा थर फुटला आणि तो मांड्यांपर्यंत आत गेला. पुढे झुकून त्याने हात लांब केला, तर कमरेपर्यंत. अब्बा तोवर छातीपर्यंत रुतले होते, आणि काठी त्यांच्यापुढे आडवी पडली होती.

नोमानने हाका मारल्या. फोन बांधावर शर्टाच्या खिशात होता. गावाकडून कोणी ओ दिली नाही. घरं बांधाच्या आड होती आणि ऊन चढलं होतं. पाय जरा हलवला की गाळ आणखी आवळून धरायचा, जसं कोणी खालून घोटे पकडून बसलंय.

बराच वेळ गेला. गाळ उन्हाने तापत होता, आणि खाली मात्र गार होता. अब्बांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्यांना पुसता येत नव्हता.

"परवा माझं विमान आहे," नोमान म्हणाला.

"माहीत आहे."

"तरी आलात इथे."

"डबक्यात चार उरलेत. मोठे. मी बांधावरून पाहिले."

आणि नोमानचा बांध फुटला. सहा महिने जे तो बोलला नव्हता ते सगळं तिथे, कमरेएवढ्या गाळात, बापाच्या तोंडावर बोलला. की तुमचं तळं, तुमचे मासे, तुमची हौस, आणि रुतलोय मी. की माझी मुलगी मला पाहुणा समजते. की तुम्हाला आजवर गावात एक माणूस वाकडं बोललेला नाही, सगळे विसरले असते, आणि तुम्हीच हे उकरत बसलात. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? कोण बोललं? सांगा ना, कोण बोललं?"



"बोलला होता," नूरमहंमद म्हणाले. "आधीच बोलला होता. बीज सोडायच्या आधी."

"कोण?"

"गोविंदा. वाळूचा बाप. तो एका धरणावर कामाला होता, तिथे त्याने हा मासा बघितलेला. सगळं गाव बांधावर जमलेलं, तो पुढे आला नि म्हणाला, शेट, हा मासा नका सोडू. हा तळाला नांगर लावतो. पिशव्या परत पाठवा." त्यांनी श्वास घेतला. छातीभोवती गाळ होता, श्वास तोकडा येत होता. "माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. मी म्हटलं, गोविंदा, तू आधी रोज आंघोळ करायला शीक, मग मला मासळी शिकव. सगळे हसले. मला बरं वाटलं ते हसले म्हणून."

अब्बांची नजर बांधाकडे गेली.

"तो खाली मान घालून निघून गेला. परत या बांधावर आला नाही. तीन वर्षांपूर्वी वारला. मी मयतीलाही गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार? आता कोणापाशी बोलू?"

"माझ्यापाशी बोला."

आवाज मागून आला होता. नोमानने मान वळवली. पारी गाळावर पालथी पडून सरपटत येत होती, अंगाखाली झोपडीचं कुडाचं दार. मागे तिची सून संध्या पेंढ्याचे भारे एकापुढे एक टाकत होती. पारी खेकडे बघायला आली होती, हाका ऐकून वाडीत पळाली होती आणि दार आणि सून घेऊन परत आली होती.

"मी तिथंच होते, शेट," ती म्हणाली. "नवी सून नव्हते, सगळं कळत होतं. सासरा मरेतो ह्या बांधानं गेला नाय. बाजारला जायचा तर टेकाडाला वळसा घालून जायचा. म्हातारपणी, गुडघे दुखत असताना."

नूरमहंमदांनी डोळे मिटले. "मला माफ—"

"आता नाय. आता पाठीवर पडा. पाय मारू नका. नोमान, तूपण. पाठीवर पड, खाटेवर पडतो तसा."

तिने अब्बांच्या पाठीमागे पेंढा कोंबला. संध्याने कळशीने डबक्यातलं पाणी आणून त्यांच्या अंगाभोवती ओतलं, म्हणजे गाळ सैल होईल. पारीने काखेत हात घालून त्यांना एकेक वीत मागे ओढलं. थोडं ओढायचं, थांबायचं, परत पाणी ओतायचं. घाई कोणीच केली नाही. अर्ध्या तासाने नूरमहंमद दारावर आडवे पडले होते, चिखलाने माखलेले, लुंगी आतच राहिलेली. संध्याने आपली ओढणी त्यांच्यावर टाकली.

नोमानने मात्र घाई केली. आपली पाळी येईतो थांबायला हवं होतं. तो उजवा पाय पिळून स्वतःच बाहेर काढायला गेला. गुडघ्यात आतून काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि तो किंचाळला.

रोह्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मांडीपासून घोट्यापर्यंत पाय बांधला आणि सहा आठवडे जमिनीला टेकवू नकोस म्हणून सांगितलं. तीस तारखेचं विमान नोमानशिवाय गेलं. सुपरवायझरला वाईट वाटलं. पण शिडीवर चढण्याचंच ज्याचं काम, तो पायावर उभा राहू शकत नसेल, तर कंपनी त्याला कशाला बोलावेल? तीन जूनला नोमान ओटीवर पाय उशीवर ठेवून पडला होता. सकाळ झाली, दुपार झाली, संध्याकाळ झाली. काही घडलं नाही. चार तारखेला त्याचा व्हिसा नव्हता.

फिजा आली, दोन दिवस राहिली. रडली नाही. जाताना म्हणाली, "तिकडे तू माझ्यापासून लांब होतास ते मला समजत होतं. इथे दीड तासावर असूनही लांब आहेस, ते समजत नाही."

त्या दिवसांत नूरमहंमद ओटीवरच बसून असायचे. पारी एकदा ओटीपर्यंत आली, नोमानच्या पायाला लावायला कसलासा पाला घेऊन. जाताना पायरीवर थांबली. "शेट, बोलला होतात गावासमोर. सांगायचं तर गावासमोर सांगा. मला एकटीला सांगून सासऱ्याचं काय व्हायचं नाय."

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, झेंडा झाल्यावर, नूरमहंमद उभे राहिले. नोमान कुबडी घेऊन मागच्या भिंतीशी उभा होता. त्यांनी सगळं सांगितलं. गोविंदा काय म्हणाला, ते स्वतः काय म्हणाले, शब्दाला शब्द, आंघोळीचं वाक्यसुद्धा. "तो बरोबर होता, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. मासळीचं नसेल कळलं. पण मी वाईट बोललो, ते तेव्हाच कळलं होतं." त्यांचा आवाज मध्येच गेला, त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, परत बोलले. त्या दिवशी हसलेले काहीजण समोरच बसले होते. एकाने मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिला. सरपंच म्हणाले, "जाऊ द्या चाचा, जुनी गोष्ट." तेव्हा वाळू उठला. सभेत तो कधी बोललेला कोणी ऐकला नव्हता.

"जाऊ नका देऊ," तो म्हणाला. "वहीत लिवा. माझ्या बापाचं नाव लिवा."

ग्रामसेवकाने लिहून घेतलं. पारी शेवटच्या रांगेतून म्हणाली, "बसा आता शेट. दमलात."

घरी येताना बापलेक हळूहळू चालत होते, एक कुबडीवर, एक काठीवर. तळं भरलं होतं. बांधावर आल्यावर नूरमहंमद थांबले.

"मी काही आता पाण्यात जायचा नाय. तू मोकळा आहेस, नोमान. जा तुला जायचं तिकडे."

नोमानला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "कुठे जाऊ?" तो म्हणाला. "व्हिसा गेला अब्बा. हे तुम्ही मेमध्ये म्हणायला हवं होतं. डिसेंबरात म्हणायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणायला हवं होतं."

नोमानचा राग गेला नाही. पण त्या रागाला आता धरायला जागा उरली नव्हती.

सप्टेंबरात त्याला रोह्याला एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम लागलं. तीन शिफ्ट, दोह्यापेक्षा पगार कितीतरी कमी, आणि गुडघा वाकवताना दुखायचा. पहिल्या सुट्टीच्या दिवशी पारीने त्याला काठाला बोलावलं. पाणी अजून गढूळ होतं, पण काठाशी तळहात बुडवला तर बोटं दिसत होती. तिने हातजाळी उचलली. जाळीत झिंगे उडत होते, पाच-सहा. एक शिंगटी होती, काडीएवढी. आणि तीन बोटभर मासे, पितळी अंगाचे, ओठांशी मिशा फुटू लागलेले.

नोमान त्यांच्याकडे बघत राहिला. "कुठून आले?"

"गाळात राहिले असतील. नायतर वरच्या ओढ्यानं आले. काय फरक पडतो?"

"म्हणजे सगळं फुकट गेलं."

"फुकट कसं? झिंगे बघ की." तिने ते तिन्ही सायप्रनस उचलून पाटीत टाकले आणि बाकीचं पाण्यात सोडलं. "बारके हायत तोवर जाळीत येतात. दर आठवड्याला काढायचे. फागुनात गवतावर अंडी घालतील, तेव्हा गवत काढायचं. शेतातलं तण कधी संपतं का? आपून बेणतोच ना दर साली."

"किती वर्षं?"

पारीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने दिवस किती वेळा उगवतो असं विचारलंय.

कारखान्यात साप्ताहिक सुट्टीचा वार लिहून द्यायचा होता. त्याने रविवार लिहिला. रविवारी तळ्यावर असेन असं फिजाला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "रविवार आमचा असतो, नोमान."

"मग तुम्ही इकडे या."

ती म्हणाली, "बघते."

तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी ती आणि मुलगी अकराच्या एसटीने खांबला उतरल्या, तिथून रिक्षाने गावात आल्या. फिजा बांधावर उभी राहिली, पदर नाकाला लावून. मुलगी मात्र आधीच खाली पोचली होती. पारीने तिच्या हातात हातजाळीचा एक दांडा दिला होता आणि दुसरा स्वतः धरला होता, आणि दोघी वाकून काठाकाठाने चालल्या होत्या.

"हे कधी संपणार?" फिजाने विचारलं.

"नाही संपणार."

फिजाने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलला नाही, याचं तिला नवल वाटलं असावं. ती खाली उतरली नाही, चपलाही काढल्या नाहीत. आमनाने बांधावर आणून दिलेला चहा तिने नूरमहंमदांच्या शेजारच्या खुर्चीत बसून प्यायला, आणि मुलगी जाळी उचलून दाखवायची तेव्हा दुरून मान हलवत राहिली. परतीची चारची गाडी तिने सोडली. सहाची धरली.